चक्रवाकापासून जावयापर्यंत

माणसाला एखादा नाद जरूर असावा. फक्त तो नातेवाइकांना कळू नये. पेटी वाजविणाऱ्याला बारशाला भजन म्हणायला बसवितात, ज्योतिषाचे एखादे पुस्तक चाळलेल्या माणसापुढे चार पत्रिका येऊन पडतात, आणि ज्याच्या गळ्यात कॅमेरा दिसला त्याला तर कोणत्याच मंगल कार्यात सुखाने जेवता येत नाही. या बाबतीत मी इतकी वर्षे भाग्यवान होतो. मी जनावरांचे आणि पक्ष्यांचे फोटो काढतो हे घरी सर्वांना माहीत होते, आणि त्यामुळे माणसांचे फोटो मला जमत नसणार, अशी सर्वांची समजूत होती. ती समजूत मी काळजीपूर्वक जपली होती.

मी जळगावचा. आठवडाभर कचेरीत आकड्यांशी झुंजायचे आणि रविवारी पहाटे हतनूरची वाट धरायची, असा वर्षानुवर्षांचा क्रम. पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून ‘हतनूरचे एक्केचाळीस दरवाजे उघडले’ अशी बातमी येते ते हे तापीवरचे धरण. चांगदेवाला तापी आणि पूर्णा एकमेकींना भेटतात, आणि त्या भेटीनंतरचे पाणी हतनूरपाशी अडते. हिवाळा लागला की या पाण्यावर दूरदूरचे पाहुणे उतरतात. त्यांतला माझा आवडता पाहुणा म्हणजे चक्रवाक. याला कोणी ब्राह्मणी बदक म्हणतात. नारिंगी-तपकिरी अंग, फिकट डोके, आणि बोलणे असे की कोणीतरी लांबून हाक मारीत आहे. लडाख-तिबेटकडे याचे माहेर. थंडीपुरता तो आपल्याकडे येतो आणि बहुधा जोडीने येतो. संस्कृत कवींनी या जोडीला शाप देऊन ठेवला आहे. दिवसभर एकत्र राहायचे आणि रात्र झाली की नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना साद घालायची. खरी गोष्ट एवढीच, की हा पक्षी रात्रीही चरतो आणि अंधारात जोडीदाराला हाका मारतो. ज्याला हाकेला ओ मिळते त्याला विरही म्हणावे की सुखी, हे कवींनी ठरवावे.

अशा या जोड्यांमागे मी चिखलात पोटावर पडून तासचे तास घालविले आहेत. झुडपांच्या फांद्या लावून लपण करायचे, त्यात सूर्य उगवण्यापूर्वी शिरायचे आणि मग नुसते असायचे. रानातल्या फोटोग्राफीचे पहिले आणि शेवटचे शास्त्र हेच. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे एक जंगल अधिकारी होऊन गेले. त्यांनी तर रानवाटेवर तार ताणून ठेवायची आणि वाघाने तिच्यावर पाय देऊन स्वतःचा फोटो स्वतःच काढून घ्यायचा, अशी व्यवस्था केली होती. १९२७ साली त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा बंदुकीवाचूनही वाघ घरी आणता येतो हे लोकांना दिसले. वाघाला कोणी ‘जरा हसा’ म्हटले नव्हते, म्हणूनच ते फोटो इतके चांगले आले असावेत.

माझ्या या सुखाला दृष्ट लागली ती गेल्या वर्षी, पुतणीचे लग्न ठरले तेव्हा. मुलगा धुळ्याचा. बघण्याचा कार्यक्रम झाला, साखरपुडा झाला आणि मग घरात तो हल्लीचा शब्द शिरला: ‘प्री-वेडिंग’. वाचकांपैकी ज्यांच्या घरी लग्नाची मुले आहेत त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. लग्नाआधी नवरा-नवरीने निरनिराळे पोशाख करून गडावर, तळ्यावर, रेल्वेच्या रुळांवर धावायचे, भोवती रंगीत धूर सोडायचा, डोक्यावर घरघरणारे ड्रोन फिरवायचे आणि या सगळ्याचा सिनेमा करून तो लग्नात पडद्यावर दाखवायचा. पुतणीला हौस होती. माझ्या थोरल्या बंधूंना खर्चाचा आकडा ऐकून घाम फुटला होता. आणि आमच्या आत्याबाईंचे म्हणणे असे, की अक्षता पडण्याआधी हातात हात घालून गावभर फिरणे आमच्या घरात चालणार नाही.

तीन पक्ष हटून बसले. अशा वेळी तोडगा काढण्याचे काम आमच्या सौ.कडे असते.

“घरात फोटोग्राफर असताना बाहेर पैसे कशाला?” ती म्हणाली.

“अगं, मी जनावरांचे फोटो काढतो,” मी घाईघाईने म्हणालो.

“मग काय झालं? जावई काही वाघ नाही.”

पुतणीला फोटो मिळणार, बंधूंचे पैसे वाचणार आणि मुलांबरोबर घरचे वडील माणूस असणार. तिन्ही पक्ष एका दमात खूष झाले. माझे मत कोणी विचारले नाही. अभयारण्यात फोटो काढायचे तर १९७२च्या कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते. इथे ती आत्याबाईंकडून न मागता मिळाली होती.

पहिला कार्यक्रम मेहरूणच्या तलावावर झाला. सकाळची वेळ, कोवळे ऊन, पाण्यावर थोडे धुके. चक्रवाक असते तर मी आनंदाने वेडा झालो असतो. पण समोर उभी होती ही दोघे, आणि दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस आरामात उभा राहील एवढी जागा. मुलगा शाळेच्या कवायतीतल्यासारखा ताठ. पुतणी, जी घरात एक मिनिट गप्प बसत नाही, ती जमिनीकडे पाहून अंगठ्याने माती उकरीत होती. “जवळ या,” म्हटले की दोघे अर्धा इंच सरकत. “हसा,” म्हटले की दात दिसत, हसू दिसत नसे. त्यात गैर काहीच नव्हते. चार भेटींची ओळख, आणि समोर सात फुटांवर कॅमेरा रोखून चुलत सासरा उभा!

तिथे मला हेडिगर आठवले. हे स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी प्राणिसंग्रहालये सांभाळली आणि प्राण्यांच्या मनाचा अभ्यास केला. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट रानात हिंडणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने कळते. प्रत्येक प्राण्याचे एक ठरलेले अंतर असते. त्याच्या बाहेर तुम्ही असाल तोवर तो चरत राहतो. एक पाऊल आत टाकलेत की मान वर करतो आणि दुसऱ्या पावलाला पळतो. एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने हेच मोजमाप माणसाला लावून पाहिले आणि १९६६ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या हिशेबाने दीड फुटाच्या आत फक्त जिवलगांना प्रवेश. दीड ते चार फूट स्नेह्यासोबत्यांचे. चार ते बारा फूट कामकाजाचे. आणि बारा फुटांपलीकडचा माणूस म्हणजे सभेतला वक्ता, त्याची कोणाला फिकीर नसते. हे माप अमेरिकनांचे आहे. मुंबईच्या लोकलमध्ये ते टिकणार नाही हे उघड आहे. पण त्याचे मर्म आपल्याकडेही लागू पडते. माणसांचे फोटो काढणारे बहुतेक लोक सहा-आठ फुटांवर उभे राहतात. म्हणजे ज्या अंतरावर आयकर अधिकारी बसतो, नेमक्या त्याच अंतरावर! तिथून कोणी ‘हसा’ म्हटले तर कोण हसेल?

मी मुलांना म्हटले, “तुम्ही बाकावर बसा, गप्पा मारा. मी जरा पलीकडे जातो.” पिशवीतून पक्ष्यांसाठी घेतलेले चारशे मिलिमीटरचे लांब भिंग काढले आणि चाळीस फुटांवर एका झाडाच्या बुंध्याला टेकून बसलो. दहा मिनिटे काही केले नाही. पंधराव्या मिनिटाला मुलाने काहीतरी विचारले आणि पुतणीने त्याला मोठ्या आवेशाने उत्तर दिले. शेवभाजी जळगावची बरी की धुळ्याची, असा तो वाद असल्याचे मागून समजले. त्या वादात ती दोघे एकमेकांकडे वळली आणि मधल्या तिसऱ्या माणसाची जागा कधी नाहीशी झाली ते त्यांनाही कळले नाही. मला मात्र ते कॅमेऱ्यात दिसत होते.

पण लांब भिंगाची एक अट असते, आणि ती मला या कामात फार उपयोगी पडली. एफ-४ वर भिंग ठेवून चाळीस फुटांवरून फोटो घेतला, तर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम वीतभर असते. त्याच्या पुढचे धूसर, मागचेही धूसर. एकच पक्षी असेल तर हे वरदान. मागचा सगळा पसारा विरघळून जातो. जोडी असेल तर मात्र दोन्ही डोकी एका रेषेत यावी लागतात. चक्रवाकांच्या बाबतीत मी त्यासाठी तासभर थांबलो आहे. माणसांच्या बाबतीत अट तीच. नवरा दोन पावले पुढे उभा राहिला की बायको धूसर झालीच म्हणून समजा. दोघे स्पष्ट हवे असतील तर दोघांनी बरोबरीने उभे राहिले पाहिजे. हा काचेचा नियम आहे, माझा नव्हे.

दुसरा कार्यक्रम धुळ्याचा. जळगावाहून एरंडोल-पारोळ्यावरून धुळे नव्वदएक किलोमीटर. शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून लळिंगचा किल्ला आहे. खानदेशावर फारुकी राजे होते तेव्हाचा हा महत्त्वाचा गड. मुलाचे बालपण त्याच्या पायथ्याशी गेलेले. चढताना तो पुढे होता. पण कुठला दगड हलतो हे त्याला माहीत असल्याने अशा प्रत्येक दगडापाशी थांबून तो मागे हात करीत होता. पुतणी पहिल्या दोन वेळा “मला येतं चढता” म्हणाली. तिसऱ्या वेळी काही न बोलता तिने हात धरला. तिथे रंगीत धूर नव्हता की ड्रोन नव्हते. खाली महामार्ग, वर वारा आणि मध्ये दोन हात. तो फोटो पाहून आत्याबाईसुद्धा काही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “मुलगा सांभाळून नेतोय.”

याच दिवसांत एक आणखी युक्ती गवसली. वाचकांना ती फुकट देतो. फोटो काढून झाला की मोठ्याने म्हणावे, “हं, झालं!” आणि कॅमेरा खाली करू नये. त्या शब्दासरशी दोघांचे खांदे सैल पडतात, दोघे हुश्श करतात आणि ‘सुटलो बुवा’ अशा नजरेने एकमेकांकडे पाहतात. खरा फोटो तो. रानात पाखरू धोका टळला की मान खाली घालून पिसे साफ करू लागते, तसाच हा क्षण असतो.

खानदेशात जोडीच्या फोटोची गोष्ट निघाली आणि चाळीसगावच्या केकी मूसांचे नाव निघाले नाही, असे व्हायचे नाही. १९१२ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी कलावंत इंग्लंडात शिकून चाळीसगावला परतला आणि स्टेशनाजवळच्या आपल्या दगडी बंगल्यात त्याने जवळजवळ सारे आयुष्य काढले. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यांवर प्रकाश टाकायचा आणि पाहणाऱ्याला अफाट निसर्गदृश्य वाटावे असा फोटो काढायचा, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्याविषयी जी गोष्ट सांगतात ती खानदेशात पोराबाळांनाही ठाऊक आहे. प्रेयसीने ‘पंजाब मेलने येईन’ असा शब्द दिला होता. म्हणून रोज रात्री ती गाडी येण्याच्या वेळी ते दारे-खिडक्या उघडून, जेवण मांडून वाट पाहत. १९८९च्या ३१ डिसेंबरला ते वारले. गाडी रोज येत राहिली. ती मात्र आली नाही. आज त्यांच्या घराचे संग्रहालय झाले आहे. इतक्या थोर फोटोग्राफरला जो एक फोटो काढता आला नाही, तो आपल्यापैकी हजारोंना सहज काढता येण्यासारखा असतो, आणि आपण तो काढीत नाही.

हे मी उगीच म्हणत नाही. लळिंगहून परतताना आम्ही धुळ्याला मामांकडे उतरलो. मामा-मामींच्या लग्नाला बावन्न वर्षे झालेली. भिंतीवर त्यांचा एकुलता एक जोडीचा फोटो; लग्नाच्या वर्षी स्टुडिओत काढलेला. मामा खुर्चीत, मामी मागे उभ्या, एक हात खुर्चीच्या पाठीवर. आपल्या सगळ्यांच्या घरी असा एक फोटो असतोच. या फोटोला कसर लागलेली होती आणि तिने नेमका मामींचा चेहरा खाल्ला होता.

मामांना त्या आठवड्यात हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी नाशिकला न्यायचे होते. चहा घेता घेता त्यांनी माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिले आणि अगदी सहज, पेपर मागावा तसे म्हणाले, “जाण्याआधी माझा एक बरा फोटो काढून ठेव. एकट्याचा. मागाहून शोधाशोध नको.”

आपल्या घरांत वडील माणसाचा एकट्याचा फोटो कशासाठी लागतो हे सांगायला नको. मामींनी कपबश्या उचलल्या आणि त्या आत निघून गेल्या. मुलगा आणि पुतणी, दोघांनीही मान खाली घातली.

मामांना मी म्हटले, “काढतो. पण मला घाई नाही. तुमचं काय ते चालू द्या.”

१९९७ सालची गोष्ट आहे. रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड त्यापूर्वी ११३ वर्षे कोणा अभ्यासकाला दिसले नव्हते. ते या पृथ्वीवरून नाहीसे झाले, असेच पुष्कळांनी धरले होते. त्या नोव्हेंबरात अमेरिकेहून आलेल्या पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सोबत्यांना ते शहाद्याजवळ दिसले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा निराळा झाला तो पुढल्या वर्षी. मौज अशी, की हे घुबड रात्रीचे नाही. ते दिवसाढवळ्या, उघड्या फांदीवर बसणारे आहे. ते होतेच, त्याला पाहायलाच कोणी थांबले नव्हते. मला वाटते, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे असेच होते.

त्या संध्याकाळी परसात भरताचा बेत होता. पऱ्हाट्यांवर हिरवी वांगी भाजून झाली होती. मामी पाटावर बसून गरम वांग्यांची साले काढीत होत्या. मी पंचवीस-तीस पावलांवर, गोठ्याच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसलो. पक्ष्याचा फोटो पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घ्यायचा असतो; पाटावर बसलेल्या माणसाचाही तसाच. मामींनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, “आते कसाले मना फोटो काढस रे बेटा?” मी कॅमेरा पुसण्याचे निमित्त केले. थोड्या वेळाने त्या मला विसरल्या.

मग मामा आले. डॉक्टरांनी कसलेही काम करू नका म्हणून सांगितले होते. ते मामींच्या शेजारी दुसऱ्या पाटावर टेकले आणि त्यांनी ताटातले एक वांगे उचलले. ते चांगलेच पोळले असावे. त्यांनी बोटांवर फुंकर घातली. मामींनी न पाहताच पाण्याचे भांडे त्यांच्याकडे सरकविले, आणि मग मात्र पाहिले. त्या पाहण्यात राग होता, काळजी होती आणि बावन्न वर्षांची सवय होती. मामा लहान मुलासारखे हसले. दोघांची डोकी शेजारी-शेजारी, अगदी एका रेषेत होती. एक वीत खोली पुरेशी झाली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. मामा आता पहाटे पांझरेच्या काठाने फिरायला जातात. कसर लागलेल्या फोटोच्या जागी हा फोटो लागला आहे. एकट्याच्या फोटोची आठवण त्यांनी मला अजून करून दिलेली नाही, आणि मीही विषय काढीत नाही. पुतणीच्या लग्नात पडदा लागला होता; त्यावर तिचे आणि जावयाचे फोटो झाले, आणि तिच्या हट्टाने शेवटी हा वांग्यांचा फोटो लागला. मांडवात शेवभाजी वाढणारेही हातातले भांडे घेऊन उभे राहिले होते.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पाडवा दोन-चार दिवसांवर असेल. आपल्या सणांत नवरा-बायकोचा म्हणून नेमलेला हा एकच दिवस. घरातली आजी आजोबांना ओवाळील. त्या वेळी ताटातले निरांजन दोघांच्या बरोबर मध्ये असते, दोघांच्या चेहऱ्यांवर सारखाच उजेड असतो आणि अंतर हातभराचे असते. असा प्रकाश आणि अशी जोडी स्टुडिओत पैसे मोजून मिळत नाही. खोलीतला एखादा मंद दिवा लागलेला असू द्या. फ्लॅश मात्र बंद करा. मोबाइल असला तरी चालेल. पण नाकाजवळ नेऊ नका, चार पावले मागे सरा आणि दोघांच्या कडेला उभे राहा, म्हणजे दोन्ही चेहरे सारख्या अंतरावर येतील. ‘इकडे बघा’ म्हणू नका, ‘हसा’ तर मुळीच म्हणू नका. ओवाळून झाले, आजोबांनी ताटात काय घातले ते आजीने चोरून पाहिले, की मोठ्याने म्हणा, “हं, झालं!”

आणि मग बटण दाबा.